कुठलंबी पान उघड

बाई, आज तुमचा तास मी घेतला. बी.ए. पहिलं वर्ष, इंग्रजी, सत्राचा पहिला दिवस. कसा झाला ते सांगते, पण लगेच सांगणार नाही. तुम्ही मला इतकी वर्षं ताटकळत ठेवलंत, चहा संपल्याशिवाय कधी मुद्द्यावर आला नाहीत. आज तुम्ही जरा दम धरा.

लिहायला बसले की माझी भाषा इस्त्री करून येते, हे तुम्हाला माहीत आहे. यावरून तुम्ही मला थोडं का छळलंत? 'घरी मायसंग बोलते तवा बी मला-तुला करते का वं?' असं भर स्टाफरूममध्ये विचारायच्या. मी वरोऱ्याजवळच्या खेड्यातली, कापूस-सोयाबीनच्या घरातली. घरी मीही मले-तुलेच करते. पण कॉलेजचं फाटक ओलांडलं की जीभ आपोआप सरळ होते. तुमची कधी झाली नाही; गावाकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो'च म्हणायच्या. सावली तालुक्यातल्या धानाच्या गावातून जी बोली घेऊन निघालात ती नागपूरच्या होस्टेलात, नोकरीच्या मुलाखतीत, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, सगळीकडे तशीच चालवलीत. इंग्रजी बोलायला लागलात मात्र की ऐकणारा सावरून बसायचा. इतकं स्वच्छ, शांत इंग्रजी मी आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

म्हणूनच तुमचा तो पहिला तास पाहून मी चाट पडले होते. मी नवीनच लागले होते, आणि तुम्ही म्हणाला होतात, 'येऊन मागं बस, पाय कसं असते ते.' वर्गात पोरंपोरी गच्च बसलेली. कुणी आष्टीकडची, कुणी धानोऱ्याकडची, कुणी नदीपलीकडून रोज सायकलनं येणारी. इंग्रजीचा तास म्हणून सगळ्यांचे चेहरे पडलेले. तुम्ही पिशवीतून तपकिरी पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक काढलंत आणि म्हणालात, 'हे ग्रीक हाये. मले येत नाई. मी वाचतो, तुमी हासा. मंग तुमी इंग्रजी वाचा, मी हासनार नाई.' आणि वाचायला लागलात.

काय वाचलंत देव जाणे. एका शब्दावर अडायच्या, मागे जायच्या, पुन्हा धावत यायच्या आणि पुन्हा तिथेच अडायच्या. कपाळाला घाम आला. पोरं आधी घाबरून बघत होती. मग खिडकीजवळ कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग अख्खा वर्ग. तुम्हीही हसलात, पदरानं तोंड पुसलंत आणि विचारलंत, 'झालं? पोट भरलं? आता कोन येते?' आणि एक पोरगी खरंच उठली. तिनं इंग्रजीच्या धड्याच्या चार ओळी वाचल्या, त्यात निम्म्या चुका केल्या, आणि कुणी हू की चू केलं नाही. मागच्या बाकावर बसून मी मनात म्हणत होते, या बाईचं डोकं फिरलंय. प्राध्यापकानं असं करायचं असतं का?

ग्रीक का शिकलात ते पुढे कळलं. पन्नाशी आल्यावर कुणी ग्रीक शिकतं का, तेही आपल्या भागात बसून? नागपूरच्या फुटपाथवरून आणलेलं जुनं व्याकरण, ते तपकिरी वाचनाचं पुस्तक, आणि उच्चारासाठी फोनवरचे व्हिडिओ. लोक म्हणायचे, बाईंना रिटायरमेंटची तयारी म्हणून खूळ लागलंय. तुमचं कारण वेगळं होतं. एक पोरगी वाचायला उभी राहिली होती आणि तिच्या ओढणीचं टोक थरथरत होतं. 'मी पाह्यलं अन् मले काईच झालं नाई वं,' तुम्ही मला म्हणालात. 'मले बी कधीतरी असंच व्हायचं, हे डोक्यात होतं, आंगात नोतं. ज्याले आपली भीती आठवत नाई त्यानं भेलेल्याले शिकवू नये.' म्हणून तुम्ही अशी भाषा शोधलीत जिच्यात तुम्ही स्वतः ढ असाल, आणि पुढची बरीच वर्षं ढ राहण्याची सोय असेल.

आणि मग ग्रीक शिकता शिकता तुम्हाला लाजेचा नाद लागला. म्हणजे लाजेच्या शब्दांचा. दुपारच्या चहाबरोबर फुटाण्याची पुडी सोडायची आणि टेबलावर फुटाण्यांच्या ढिगल्या करून मला समजवायचं. एक ढिगली ऐस्खुने. चारचौघांत बट्टा लागला की वाटते ती लाज. दुसरी ऐदोस. समोरच्याचा मान राखताना आपली नजर खाली जाते, ती लाज. तिसरी अमेखानिआ. हातात साधन नाही, डोक्यात युक्ती नाही, मध्येच उभं आहे माणूस. त्यातल्याच 'मेखाने'चं पुढे मशीन झालं, हे सांगताना तुम्हाला कोण आनंद व्हायचा. 'म्हंजे बिनमशीनचा मानूस पाय. हात कुठी ठेवावं समजत नाई, तो.' इंग्रजीतल्या एम्बॅरासमेंटचा मूळ अर्थ वाट अडवणं, असंही तुम्ही शोधून आणलं होतंत. मी विचारलं, मग याला मराठीत काय म्हणायचं? ओशाळणं, अवघडणं, वरमणं? तुम्ही एक फुटाणा तोंडात टाकलात. 'आपली माय काय म्हन्ते? कसंतरीच वाट्टे. झालं का नाई? अख्खी डिक्शनरी आली त्याच्यात.'

लहानपणी विहारात भंतेजी हिरी आणि ओत्तप्प सांगायचे, ते तुम्हाला आठवायचं. एक मनातून येणारी लाज, दुसरा वाइटाचा धाक. दोघं मिळून जगाला सांभाळतात. ऐदोस भेटली तेव्हा तुम्ही स्टाफरूममध्ये येऊन अशा सांगत होतात, जसं काही गावातलं कुणी परदेशात भेटलंय. 'हे तं आपली हिरीच व्हय वं वैशाली! एवढ्या दूर काय करून राह्यली होती काय मालूम.'

मग तुम्ही त्या ढिगल्यांचा निकाल लावलात. पहिली फेकायची. 'आपल्या लोकायवर दुनियेनं लादली ते. जातीची, कपड्याची, बोलीची. ते आपली नोयच, मंग ठेवाची काऊन?' दुसरी ठेवायची, जपून ठेवायची. आणि तिसरी सगळ्यांनी मिळून घ्यायची. 'एकट्यानं सोसली तं मानूस शाळा सोडते. साऱ्यायनं घेतली तं हासू येते.' एवढं बोलून तुम्ही तिन्ही ढिगल्या एक करून खाऊन टाकायच्या. मला त्यातले फार फुटाणे कधी मिळाले नाहीत.

आपला वाद मधल्या ढिगलीवरून होता. ऐदोसला मराठीत नेमका शब्द कोणता? तुम्ही म्हणायच्या, भीड. मी म्हणायचे, वाटेल तो शब्द घ्या, भीड नको. मर्यादा घ्या, अदब घ्या. भिडेपायी आमच्या घरातल्या बायका अर्धपोटी पंगतीतून उठल्या. भिडेपायी माझ्या मोठ्या बहिणीनं नको असलेल्या घराला हो म्हटलं आणि आजतागायत भोगते आहे. भीड म्हणजे भित्रेपणाला दिलेलं गोड नाव, असं मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही शांतपणे म्हणायच्या, 'ते भेव झालं वं. भेव सोतासाठी असते. भीड समोरच्यासाठी असते. समोरच्याची फजिती होऊन राह्यली, अन् त्याले आनखी कसंतरी वाटू नये म्हनून आपन नजर खाली घेतो, ते भीड.' मी म्हणायचे, असं कुणी करत नाही, लोक उलट मोबाइल काढून शूटिंग करतात. तुम्ही म्हणायच्या, पाहशील. वर्षानुवर्षं आपण त्या एका शब्दावर अडून बसलो. चहा थंड झाले, घंटा झाल्या, वाद काही मिटला नाही.

शिबानीची गोष्ट तुम्ही स्वतः कधी कुणाला सांगितली नाहीत. म्हणून मीच सांगते. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावातली पोरगी, आपल्या इथे होस्टेलला. घरची धानाची रोवणी आटपून ती कॉलेजला आली तोवर तुमचा पहिला तास होऊन गेला होता. तुमच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तासाला तिला वाचायला उभं केलं. तिचे उच्चार ऐकून वर्ग हसला, आणि हसण्याआधी स्वतःवर हसून घेणारं तिथे कुणी नव्हतं. संध्याकाळच्या आत तिनं पेटी भरली आणि गावाला निघून गेली. तुम्ही परत आल्यावर हे कळलं तेव्हा तुम्ही कुणावर रागावलाही नाहीत. मला एवढंच म्हणालात, 'चाल, मुलचेऱ्याले जाऊन येऊ.'

एसटी घोट गावाच्या पुढे जंगलात जाऊन थांबली. ऐनाचं भलं मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलेलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माणसं उतरली, कुणी कुऱ्हाड आणायला जवळच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, गेलं. आपण दोघी ओढ्यावरच्या रपट्याच्या कठड्यावर बसलो. तुम्ही झाडाकडे बोट दाखवलंत. 'हे पाय, एम्बॅरासमेंट.' मला हसू आलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. नागपुरात पहिल्या वर्षाला असताना सरांनी तुम्हाला एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला होता, वर्ग हसायचा थांबेपर्यंत, आणि वर्ग काही थांबला नव्हता. तुमच्या हातात शाईचा पेन होता. तो तुम्ही इतका दाबून धरलात की फुटला. 'पूर्ण तळहात निळा झाला होता. रूमवर येऊन घासलो, घासलो, जाता जाईना. मेसमध्ये पोरी विचारे, काऊन वं, हाताले काय झालं? मी सांगो, मेंदी काढली.' तुम्ही तळहात उघडून बघितलात, जसा काही निळा अजून तिथे असेल.

पुरुष झाड तोडत होते, बायका फांद्या ओढत होत्या. कंडक्टरही लागला होता. 'ड्रायव्हर एकटा हटवू शकते का ते?' तुम्ही उठत म्हणालात. 'सारेच उतरते तवा गाडी निंगते.' आणि पदर खोचून तुम्हीही एक फांदी धरलीत. मग मलाही धरावी लागली. नवीन साडी होती माझी.

शिबानीच्या अंगणात तिच्या आईनं आपल्याला खाट टाकून दिली, चहा दिला, मुरमुरे दिले. पोरगी दाराआड उभी, बाहेर येईना. मला वाटलं होतं, तुम्ही आता शिक्षणाचं महत्त्व सांगाल. तुम्ही शिक्षणाचा श उच्चारला नाहीत. पिशवीतून ते तपकिरी पुस्तक काढलंत आणि खाटेवर बसून मोठ्यानं ग्रीक वाचायला लागलात. आधी शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या, मग आणखी आल्या. शिबानीची आई डोळे मोठे करून विचारत होती, 'क्या पढ़ रही हैं दीदी?' तुम्ही म्हणालात, 'मेरे को भी आधाच समझता दीदी, रुको जरा,' आणि पुन्हा त्याच शब्दावर आपटलात. साऱ्या बायका खदखदून हसल्या. दाराआडून आणखी एक हसू आलं. तेवढ्यासाठी आपण दिवसभर एसटीत बसलो होतो, हे मला तेव्हा समजलं.

ती बाहेर आली तेव्हा तुम्ही पुस्तक तिच्यापुढे धरलंत. ती म्हणाली, 'मला येत नाही.' तुम्ही म्हणालात, 'मले तरी कुठी येते?' दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती आपल्याबरोबर परत आली. आज त्याच गावात पोरांना शिकवते. बाई, मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. एका पोरीची लाज आपल्या अंगावर घ्यायला जंगलातून एवढ्या लांब जाणारं माणूस मी एकच पाहिलं.

आता ती दुसरी गोष्ट. ती तुम्हाला आवडणार नाही, पण बोलायला पाहिजे.

एका वर्षी पहिल्या तासाला तुम्ही ज्या शब्दावर अडखळलात, तो शब्द तुम्ही आदल्या दिवशी चहा घेताना मला घडाघडा म्हणून दाखवला होता. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. तास संपल्यावर मी व्हरांड्यातच तुम्हाला म्हटलं, 'बाई, तुम्हाला आता ग्रीक येतं. तुम्ही नाटक करता.' तुम्ही आधी हसण्यावारी नेलंत. 'झाडीपट्टीत जन्मलो, नाटक तं येनारच.' मी सोडलं नाही. मी म्हटलं, पोरं विश्वासानं हसतात, तुम्ही त्यांना फसवता. तुमचा चेहरा उतरला. 'लाज खोटी असन, पन त्यायचं हासू तं खरं हाये ना,' असं म्हणून तुम्ही निघून गेलात. पुढचे काही दिवस आपण चहाला वेगवेगळ्या वेळी जात होतो. दोघीही हट्टी.

मग पुढचं सत्र आलं. मी मागच्या बाकावर बसले. तुम्ही पुस्तक काढलंत, पण उघडलं नाहीत. पहिल्या बाकावरच्या पोरीच्या हातात दिलंत आणि म्हणालात, 'कुठलंबी पान उघड.' तिनं उघडलं. तुम्ही पान पाहिलंत आणि तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या पानापर्यंत तुम्ही पोचलाच नव्हतात. त्या दिवशी तुम्ही जे वाचलंत ते ऐकून वर्ग लोळला, आणि तुमचा आवाज खरंच कापत होता. तेव्हापासून दरवर्षी तसंच. तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत की वैशाली, तू म्हणालीस ते बरोबर होतं. मीही कधी म्हटलं नाही की बाई, मी पाहिलं. तुमच्याएवढी मोठी बाई, तिच्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या बाईचा टोला घेते, आणि पुन्हा भर वर्गात खरी लाज पत्करते. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. राहून गेलं. दवाखान्यात सांगेन म्हटलं, तर तिथे तुम्हीच बोलत होतात.

चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात तुमच्या उशाशी गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ते तपकिरी पुस्तक होतं. तुम्ही ते माझ्याकडे सरकवलंत. 'पयला तास तू घेजो.' मी म्हटलं, 'तुम्ही याल तोवर. आणि मला ग्रीक कुठे येतं?' तुम्ही म्हणालात, 'म्हनूनच तं.' मी म्हटलं, 'बाई, मला नाही जमणार. लोकांसमोर असं फजीत व्हायचं माझ्या स्वभावात नाही.' तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, काहीतरी बोलणार होतात, तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. तेच आपलं शेवटचं बोलणं. तुम्ही काय म्हणणार होतात, ते मी रोज नव्यानं रचते.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरला होता. भाषणं झाली. सगळे तुमच्या पदव्यांबद्दल आणि शिस्तीबद्दल बोलले. शिबानी मुलचेऱ्याहून आली होती. जेवणं झाल्यावर तिनं मला बाजूला नेलं आणि विचारलं, 'मॅडम, आता पहिला तास कोण घेणार? कुणी घेतलाच नाही तर माझ्यासारखी एखादी पेटी भरून निघून जाईल. आणि तिला आणायला कोण जाणार?' मी तिला मुरमुरे कसे आहेत, आई कशी आहे, असलं काहीतरी विचारत बसले.

तेव्हा आता ऐका आजचं.

मी तयारी केली होती, बाई. तुमच्यावर नाटकाचा आळ घेणारी मी, घरात दार लावून एका ओळीची तालीम करत होते. फोनवर ती ओळ ऐकायची आणि म्हणायची. अक्षरं कळत नव्हती, नुसती पाठ केली. पुस्तकात ती ओळ अक्षरांच्या आकारांवरून शोधून तिथे एसटीचं तिकीट खूण म्हणून ठेवलं. कुठे अडखळायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आरशात बघून अडखळून पाहिलं. थोडं अडखळायचं, थोडं हसायचं, अब्रूही राहील आणि तुमचा शब्दही राहील, असा माझा हिशेब.

रोवणीचे दिवस, वर्ग अर्धा रिकामा. जी आली होती त्यांच्यातल्या काहींच्या नखांत अजून धानाच्या बांधीतला चिखल होता. मागच्या बाकावर हिरव्या ओढणीची एक पोरगी भिंतीला चिकटून एकटी बसली होती, दाराच्या सर्वांत जवळ. मी टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, 'हे ग्रीक आहे. मला येत नाही.' पुस्तक हातात घेतलं. तिकिटाचं टोक बाहेर दिसत होतं. बोट तिकडे जाईना. खरं सांगते, तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात असं वाटलं, मी बसायचे तिथे. मी तिकीट काढून पर्समध्ये टाकलं, चालत मागे गेले आणि पुस्तक त्या हिरव्या ओढणीवालीच्या हातात दिलं. 'कुठलंबी पान उघड,' मी म्हटलं. तुमचेच शब्द तोंडातून आले, जसेच्या तसे.

तिनं घाबरत उघडलं. मी ते तसंच उघडं धरून टेबलाशी परत आले आणि बघितलं. बाई, त्या पानावर मला एक ओ तेवढा ओळखता आला. 'ओ,' मी म्हटलं. आणि पुढे काहीच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मी हसण्याची वाट बघत होते. तुमच्या वेळी हसायचे ना सगळे. कुणी हसलंच नाही. तुम्हाला लोकांना हसतं करण्याची कला होती, मला कुठे आहे? पंखा फिरत होता. माझे कान तापले, पाठीवरून घाम उतरला, पुस्तक धरलेले दोन्ही हात माझे नाहीतच असे वाटायला लागले. पळून जावंसं वाटलं. तुमची अमेखानिआ, बाई. अगदी तीच. इतकी वर्षं फुटाण्यांवर शिकले आणि आज अंगावर आली.

मी कशीबशी मान वर केली. आणि पाहते तर, अख्खा वर्ग खाली बघत होता. सगळ्यांच्या माना खाली. कुणी बाकावरची रेघ नखानं कोरत होतं, कुणी आपल्या चपलेकडे बघत होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. मॅडमची फजिती होऊन राह्यली, तिला आणखी कसंतरी वाटू नये म्हणून ती पोरं आपापली नजर सांभाळून बसली होती. ती भ्यालेली नव्हती. भ्यालेले चेहरे मी ओळखते.

भीड, बाई. तुमचा शब्द बरोबर होता. इतक्या वर्षांचा वाद एका मिनिटात मिटला, आणि स्टाफरूममध्ये धावत येऊन सांगावं तर तुमची खुर्ची रिकामी. तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटायला आलं. विहारात नव्हतं आलं.

तेवढ्यात मागून हळूच आवाज आला. हिरव्या ओढणीवालीचा. मान खालीच होती. 'मॅडम, आरामानं वाचा. घाई नाई.'

मला इतकं हसू आलं की पुस्तक टेबलावर ठेवावं लागलं. रडू आणि हसू एकदमच आलं. मग एकेक मान वर आली आणि सगळे हसले. मी पदरानं तोंड पुसलं. 'झालं? पोट भरलं?' मी विचारलं. 'आता कोण येतं?'

कुणी उठेना. मी मागे बघितलं. 'तू ये.'

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, 'मले कसंतरी वाट्टे, मॅडम.'

'मलेबी,' मी म्हटलं.

फाटकाच्या आत हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. ती उठली, दोन बाकांच्या मधून चालत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. इंग्रजीचं पुस्तक आम्ही दोघींनी मिळून धरलं, कारण एकटीच्या हातात ते स्थिर राहत नव्हतं, ना तिच्या, ना माझ्या. मग तिनं वाचायला सुरुवात केली.